रोजचा एक मिलिमीटर

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडे, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागांत माणसं हातापायांतली ताकद जाऊन एकामागोमाग एक भरती होऊ लागली आणि टीव्हीवर दिवसरात्र जीबीएस, जीबीएस सुरू झालं. पुढच्या काही आठवड्यांत संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. शहागडात आमच्या गल्लीत तोवर हा आजार फक्त आमच्या घराला ठाऊक होता. माझ्या नणंदेला तो २०२३ च्या पावसाळ्यात झाला, तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. वयानं माझ्याहून लहान, पण लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिला ताईच म्हणते. पुण्याच्या बातम्या सुरू झाल्या तशी शेजारची एक बाई लेकराला मागं धरून उंबऱ्यापाशीच थांबली आणि म्हणाली, "हा लागट असतो का गं?" दीड वर्ष तेच लेकरू ताईच्या खाटेवर बसून बिस्किटं खात होतं.

लागट नसतो. गियां-बारे सिंड्रोम हे त्याचं पूर्ण नाव. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ साली, गियां, बारे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांमध्ये पाहून तो नीट लिहून ठेवला. लाखात वर्षाला एखाद-दुसऱ्याला होतो. बहुतेकदा आधी काहीतरी साधं होऊन गेलेलं असतं, जुलाब किंवा सर्दी-खोकला. त्या जंतूशी लढायला शरीर जी हत्यारं तयार करतं, तीच चुकून स्वतःच्या नसांवर चालतात. पुण्यातल्या रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय नावाचा जंतू सापडला. तो दूषित पाण्यातून किंवा नीट न शिजलेल्या कोंबडीतून पोटात जातो. त्याच्या अंगावरचा एक भाग आपल्या नसांवरच्या घटकाशी इतका मिळताजुळता असतो की शरीराची गफलत होते. जुलाब एकाचे दुसऱ्याला लागू शकतात, हा आजार लागत नाही. आणि जुलाब झालेल्या हजारांतल्या एखाद्यालाच तो होतो, त्यामुळे प्रत्येक हगवणीला घाबरायचं कारण नाही. पाणी मात्र उकळूनच प्यायचं. गोदावरी आमच्या गावाला लागून वाहते, पुलाच्या अलीकडं जालना जिल्हा, पलीकडं बीड. नदीकाठच्या माणसाला पाण्याची किंमत सांगावी लागत नाही, पण पाणी उकळण्याचा कंटाळा आम्हीही करतो.

ताईला जुलाब होऊन दहा-बारा दिवस झाले होते. ती पार विसरूनही गेली होती. मग तळपायांना मुंग्या आल्या, दुसऱ्या दिवशी ओट्याची पायरी चढताना गुडघा मोडला, तिसऱ्या दिवशी शिलाई मशीनच्या पायडलवर पाय ठेवला तर तो हलेना. एका दवाखान्यात अशक्तपणा म्हणून सलाईन लावून घरी पाठवलं. गावात कुणी लकवा म्हणालं, कुणी बाहेरचं म्हणालं, उतारा टाकायचंही सुचवलं. माझे मालक त्या बाबतीत पक्के. त्यांनी गाडी केली आणि तडक संभाजीनगर गाठलं.

तिथल्या डॉक्टरांनी गुडघ्याखाली हातोडी मारून बघितली. पाय उडायला हवा होता, तो जागचा हलला नाही. मग त्यांनी ताईला एक मोठा श्वास घेऊन एका दमात अंक मोजायला लावले. सकाळी ती विशीच्या पुढं गेली, संध्याकाळी दहालाच अडकली. ही साधी मोजणी प्रत्येकानं लक्षात ठेवावी असं मला वाटतं. ताकद पायाकडून वर वर जात चालली आणि बोलताना दम तुटू लागला, तर रात्र उलटण्याची वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी जा. जीबीएसच्या शंभरातल्या वीस ते तीस रुग्णांना श्वासाचं यंत्र लागतं. ताई त्यांतली एक.

उपचार दोन. एक आयव्हीआयजी, म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं शिरेतून देणं. दुसरा प्लाझ्मा बदलणं. दोन्हींचा गुण सारखाच, दोन्ही लवकर सुरू व्हायला हवेत. आयव्हीआयजी वजनावर देतात, किलोमागं दिवसाला ०.४ ग्रॅम, पाच दिवस. ताईचं वजन पन्नास किलो, म्हणजे एकूण शंभर ग्रॅम, पाच ग्रॅमच्या वीस बाटल्या. एकेका बाटलीची किंमत ऐकून मामा, म्हणजे माझे सासरे, बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार लागतं आणि योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, हे मला अंगणवाडीच्या कामामुळं माहीत होतं. कागद मी बरोबरच घेतले होते. योजनेत बसलं तेवढं बसलं, उरलेल्याला आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, पाटल्या मोडल्या.

गळ्यात नळी असल्यानं ताईला बोलता येत नव्हतं. हात हलत नव्हते, पण शुद्ध पूर्ण होती. जीबीएसमध्ये डोकं शाबूत असतं. आजूबाजूला काय चाललंय, कोण काय बोलतंय, सगळं कळतं. मी एका पुठ्ठ्यावर बाराखडीच्या ओळी लिहून नेल्या. एकेका ओळीवर बोट ठेवायचं, हवी ती ओळ आली की तिनं नजर वर करायची, मग त्या ओळीतलं अक्षर शोधायचं. पहिला शब्द जुळायला फार वेळ लागला. "ब्लाऊज." आम्ही एकमेकांकडं बघत राहिलो. मग "हिरवा" आला, मग "परत". कोपऱ्यावरच्या काकूंचं हिरवं कापड तिच्याकडं बेतून पडलं होतं, त्यांच्या घरी लग्न होतं. व्हेंटिलेटरवर पडलेल्या पोरीच्या मनात गिऱ्हाइकाचं कापड होतं. त्या दिवसापासून आत्याबाईंनी तिच्यासमोर रडणं बंद केलं आणि रोज गावातल्या बातम्या सांगायला लागल्या.

दवाखान्यातून सुट्टी झाली तेव्हा गावानं पेढे मागितले. श्वास सुटा झाला होता, जीव वाचला होता, पण ताई कुशीवर वळू शकत नव्हती. मला जे सांगायचंय ते इथून पुढचं आहे. या आजारात जीव वाचवण्याचं काम काही आठवड्यांचं असतं आणि ते शिकलेली माणसं करतात. पुढचं काम वर्षानुवर्षांचं असतं आणि ते घरच्यांच्या अंगावर पडतं. त्यांना ते कुणी शिकवलेलं नसतं.

नसेवरचं आवरणच बिघडलं असेल तर माणूस काही महिन्यांत उठतो. आतली नसच तुटली असेल तर ती पुन्हा वाढावी लागते, आणि ती वाढते दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंतचं अंतर डोळ्यासमोर आणा. मी अंगणवाडीत लेकरांची उंची घेते. तिथं महिन्याला अर्धा सेंटिमीटर भरला तरी आयांना समाधान वाटतं. तेच पट्टीवरचे आकडे मी मामांना समजावले, कारण "अजून कसं उभं राहत नाही लेकरू" हा त्यांचा रोजचा घोर होता. जीबीएसचे शंभरातले ऐंशीच्या आसपास रुग्ण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालू लागतात. ताई उरलेल्या विसांत होती. अशा वेळी आणखी एक आयव्हीआयजीचा कोर्स घ्या म्हणणारे भेटतात. दुसऱ्या कोर्सनं फायदा होत नाही, हे अभ्यासात दिसलेलं आहे. स्टिरॉइडच्या गोळ्यांनीही गुण येत नाही. उरतो तो व्यायाम आणि वेळ.

पहिले महिने सगळं बारीकसारीक होतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, नाहीतर जखमा होतात. रात्री डोळे पूर्ण मिटत नव्हते म्हणून थेंब घालून वरून चिकटपट्टी लावायची. मामांनी मोरीत नळाचा लोखंडी पाइप भिंतीत आडवा बसवला, धरून उठायला. कमोडची खुर्ची आणली. पाऊल पुढून लोंबत असल्यानं चप्पल पायात राहायचीच नाही, दोन पावलांत निसटायची. मग पाऊल उचलून धरणारा बेल्ट मिळाला, आणि त्याच्यावर मागून बंद असलेले सँडल. चप्पल दारातच काढायची अशी आपली सवय. पायात सँडल घालून ती देवघरासमोरून जायची तेव्हा आत्याबाईंना पहिल्यांदा कसंतरीच व्हायचं. नंतर त्याच स्वतः खाली वाकून तिच्या सँडलचे बंद लावायच्या.

आमच्या गावात फिजिओथेरपिस्ट नाही. पूल ओलांडून गेवराईला जावं लागायचं, आधी दर आठवड्याला, मग महिन्याला. मला याचा राग आहे. गर्भार बाईला लोहाच्या गोळ्या गावात मिळतात, लेकराला डोस गावात मिळतो, आणि पॅरालिसिसच्या माणसाला व्यायाम दाखवणारा माणूस तालुक्याच्या गावीही सहज मिळत नाही. रिक्षानं नेऊन आणण्यात ताईचा अर्धा जीव जायचा आणि व्यायामाला ताकदच उरायची नाही.

गेवराईच्या फिजिओथेरपिस्ट मॅडम एकदा घरी आल्या होत्या. कोपऱ्यात झाकून ठेवलेलं मशीन त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "चाकाचा पट्टा काढा आणि हिला नुसतं पायडल मारू द्या." पायाचा पंजा खालीवर करायचा व्यायाम ताई एरवी टाळायची. मशीनपुढं बसवली की न सांगता करायची. पहिल्या दिवशी मी तिचे पाय हातानं पायडलवर ठेवले. उजवा पंजा जरा दाबला गेला, चाक हललं नाही. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, चाकाकडंच बघत राहिली. चाक पूर्ण फिरायला पुढं कितीतरी दिवस गेले. हातांसाठी शेंगा फोडणं, हरभरा निवडणं, कणीक दाबणं. बोटांची बारीक कामं सगळ्यांत शेवटी येतात.

घरातली सगळ्यांत अवघड गोष्ट होती मदत न करणं. आत्याबाई तिला घास भरवायच्या, वेणी घालायच्या, पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या. मॅडमनी सांगितलं, जे तिला जमतं ते तिलाच करू द्या, वेळ लागू द्या. जाड मुठीचा चमचा केला, त्याला कापड गुंडाळलं. जेवायला तासभर लागायचा, वरण अंगावर सांडायचं. आत्याबाई उठून स्वयंपाकघरात जायच्या, कारण समोर बसून बघवत नव्हतं. एक दिवस ताईनंच ताट ओढून घेतलं आणि म्हणाली, "आई, आता राहू दे."

याच्या उलटही एक आहे, आणि ते गावाला पटवणं जास्त जड गेलं. जास्त व्यायाम म्हणजे जास्त फायदा असं इथं नाही. दुसऱ्या दिवशी पाय जड झाले, दुखू लागले, तर काल जास्त झालं असं समजायचं आणि कमी करायचं. चालता येऊ लागल्यावरही थकवा जात नाही. निम्म्याहून जास्त रुग्णांना तो कितीतरी वर्षं राहतो. बाहेरून काहीच दिसत नाही. "आता चांगली चालते की, मग दुपारची झोपते कशाला?" असं पाहुणे विचारतात. तो आळस नसतो. ताई सकाळी दोन तास काम करते, मग तिला आडवं व्हावंच लागतं. तेवढी झोप मिळाली तर संध्याकाळी पुन्हा उठते, नाही मिळाली तर पुढचा दिवसही जातो. म्हणून दुपारी तिला बघायला येणाऱ्यांना आम्ही दारातूनच चहा पाजून वाटेला लावतो. माणसं रागावली, रागावू देत.

मनाचंही आहे. कित्येक रात्री ती यंत्राचा आवाज येतो म्हणून दचकून उठायची. पुन्हा होईल का, हे ती महिनोन् महिने विचारत होती. हा आजार परत येण्याचं प्रमाण शंभरात दोन ते पाच, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं आणि खोटा धीर दिला नाही. त्या आकड्यानं तिला आधार मिळाला. "काही होत नाही गं" या आमच्या बोलण्यानं तो कधी मिळाला नव्हता.

आता ती काठीशिवाय चालते. पळता येत नाही, ओट्याला कठडा धरावा लागतो, डाव्या पायात अजून बेल्ट आहे. सुईत दोरा ओवते, वेळ लागतो. फॉल-पिको आणि साधे ब्लाऊज घेते, हुक आत्याबाई लावतात. दिव्यांग प्रमाणपत्र तात्पुरतं मिळालं आहे, मुदत संपली की पुन्हा तपासणी होते. ते घ्यायला ती आधी तयार नव्हती. मी आग्रह केला नाही, तिनं स्वतःच एक दिवस फॉर्म भरायला सांगितला.

गेल्या वर्षापासून स्थळं येतात. एका मध्यस्थानं सुचवलं, चालते तर आहे, मग जुनं उकरून कशाला सांगायचं? माझ्या मालकांनी त्याला तिथंच थांबवलं. हा आजार आनुवंशिक नाही, लेकराबाळांत उतरत नाही, लपवण्यासारखं त्यात काही नाही. आणि लपवलं तर सासरी तिची दुपारची झोप कोण जपणार? आता बघायला आलेल्यांना ताई स्वतःच सांगते: मला हे झालं होतं, हे जमतं, हे जमत नाही, दुपारी दोन तास मी कुणाची नाही. दोन ठिकाणची माणसं चहा पिऊन गेली, परत कळवलं नाही. गेवराईकडचं एक स्थळ एवढं ऐकूनही पुन्हा आलं. मुलानं विचारलं, घरातल्या मोरीत पाइप कोणत्या उंचीवर बसवायचा? बोलणी चालू आहेत. लगेच हो म्हणणार नाही, दिवाळीनंतर सांगते, असं ताईनंच त्यांना कळवलंय.