समुद्रसपाटीखालचा एक दिवस

नदी पाहायला घाटाच्या पायऱ्या उतरायच्या, ही आपली सवय. वाई असो, नाशिक असो की पंढरपूर. गाव वर आणि नदी खाली. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात हे उलटं आहे. जॅक्सन स्क्वेअर या जुन्या चौकातून मिसिसिपीकडे निघालं की पायऱ्या चढाव्या लागतात. बांधाच्या माथ्यावर उभं राहिलं की एका हाताला नदी आणि दुसऱ्या हाताला, खाली, शहर. उत्तरेकडचं बर्फ वितळून वसंतात नदी फुगते, तेव्हा रस्त्यावरून चालणाऱ्याला बांधापलीकडची जहाजं डोक्याच्या वरून सरकताना दिसतात. या शहरातला दिवस इथून सुरू करावा, कारण पुढे जे पाहायचं आणि जे खायचं, ते सगळं या नदीनेच आणून दिलेलं आहे.

जमीनसुद्धा तिनेच आणली. पूर काठावरून उसळला की जड गाळ आधी, काठालगतच बसतो. हलका गाळ आणि पाणी पुढे वाहत जातं. हजारो वर्षं असं होत गेल्याने इथे नदीचा काठ हाच सगळ्यांत उंच भाग, आणि नदीपासून दूर जावं तशी जमीन उतरत जाते. १७१८ मध्ये ब्यांव्हिल या फ्रेंच सरदाराने याच उंच पट्ट्यावर वसाहत बसवली आणि फ्रान्सचा कारभार पाहणाऱ्या ऑर्लिअन्सच्या ड्यूकचं नाव तिला दिलं. नदी इथे चंद्रकोरीसारखी वळते, त्यामुळे पूर्व-पश्चिम म्हणून पत्ता सांगण्यात अर्थ उरत नाही. लोक ‘नदीकडे’, ‘तळ्याकडे’, ‘वरच्या अंगाला’, ‘खालच्या अंगाला’ असं सांगतात. पलीकडच्या तीराला ‘वेस्ट बँक’ म्हणतात, आणि जुन्या शहरातून पाहिलं तर सूर्य त्याच वेस्ट बँकेवर उगवतो! वळणाच्या टोकाशी, अल्जिअर्स पॉइंटला, नदी सुमारे ६० मीटर खोल आहे.

न्याहारी चौकासमोरच्या कॅफे दु मॉंदमध्ये. हे दुकान १८६२ पासून चालू आहे. इथे बेन्ये मिळतो: यीस्ट घालून फुगवलेल्या पिठाचा चौकोनी तुकडा, तळून टम्म झालेला, आतून जवळजवळ पोकळ. आपल्या घारग्याचा लांबचा भाऊ म्हणा. एका बशीत तीन येतात आणि त्यांच्यावर पिठीसाखरेचा असा ढीग असतो की खाली बेन्ये आहेत हे अंदाजाने ओळखावं. खाताना श्वास आत ओढू नये आणि काळे कपडे घालू नयेत, हा तिथला शहाणपणाचा सल्ला. सोबत दुधाची कॉफी, चिकोरी घातलेली. दक्षिणी फिल्टर कॉफीमुळे चिकोरीची किंचित कडवट, भाजकी चव आपल्याला नवी नाही. कॉफी महाग आणि दुर्मीळ झाली की चिकोरी मिसळायची ही फ्रेंचांची युक्ती. अमेरिकेच्या यादवी युद्धात बंदराची नाकेबंदी झाल्यावर ती इथे पक्की रुजली आणि टंचाई सरल्यावरही लोकांनी ती सोडली नाही.

मग फ्रेंच क्वार्टरमध्ये पायी हिंडावं. नाव फ्रेंच, पण घरं बरीचशी स्पॅनिश वळणाची. १७६२ मध्ये फ्रान्सने हा मुलूख स्पेनला दिला होता. १७८८ च्या गुड फ्रायडेला लागलेल्या आगीत आठशेहून अधिक इमारती जळाल्या, आणि १७९४ मध्ये पुन्हा दोनशेवर. त्यानंतर स्पॅनिश अमलात लाकडाऐवजी विटा, गिलावा आणि कौलं वापरून शहर नव्याने उभं राहिलं. रस्त्याला लागून भिंत, आत चौक आणि चौकात झाडं-कारंजी, ही रचना आपल्या वाड्यांशी ओळख असलेल्या माणसाला लगेच कळते. पुढे या घरांना लोखंडी नक्षीच्या गॅलऱ्या लागल्या. कॅथेड्रलशेजारच्या काबिल्दो इमारतीत २० डिसेंबर १८०३ ला लुइझियाना प्रांत अमेरिकेच्या स्वाधीन झाला: दीड कोटी डॉलरमध्ये सुमारे २१ लाख चौरस किलोमीटर. त्या एका सौद्याने अमेरिका जवळजवळ दुप्पट झाली.

इथली दफनभूमीही पाहण्यासारखी आहे. १७८९ च्या सेंट लुईस क्रमांक एक या दफनभूमीत थडगी जमिनीच्या वर आहेत, विटांची, चुना दिलेली, छोट्या घरांसारखी, मध्ये अरुंद बोळ. जमीन थोडी उकरली की पाणी लागतं हे एक कारण, आणि फ्रेंच-स्पॅनिश रीत हे दुसरं. उन्हाळ्यात हे बंद कोनाडे भट्टीसारखे तापतात. रिवाज असा, की एक वर्ष आणि एक दिवस झाल्याशिवाय थडगं उघडायचं नाही. त्यानंतर उरलेल्या अस्थी मागे सारून खालच्या खड्ड्यात सोडतात आणि त्याच जागी घरातल्या पुढच्या माणसाला ठेवतात. एकेका थडग्यात अशा कित्येक पिढ्या एकत्र आहेत.

याच दफनभूमीत होमर प्लेसी यांना पुरलं आहे. व्यवसायाने चांभार. पणजोबा-पणजींपैकी एकच आफ्रिकी, पण कायद्याच्या लेखी ते कृष्णवर्णीयच. ७ जून १८९२ ला ते ठरवून गोऱ्यांच्या रेल्वेडब्यात बसले आणि त्यांना अटक झाली. शहरातल्या नागरिकांच्या एका समितीने कायद्याला आव्हान देण्यासाठी ही योजना आखली होती. १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला, आणि ‘वेगळे पण समान’ या नावाखाली वर्णभेद पुढची अठ्ठावन्न वर्षं कायदेशीर राहिला. लुइझियाना राज्याने त्यांना माफी दिली २०२२ मध्ये. शिवाशिवीचा इतिहास ठाऊक असलेल्या मराठी माणसाने या थडग्यापाशी दोन मिनिटं थांबावं असं मला मनापासून वाटतं.

तिथून कॉंगो स्क्वेअर जवळच. यादवी युद्धापूर्वी न्यू ऑर्लिन्स ही अमेरिकेतली माणसांच्या खरेदी-विक्रीची सर्वांत मोठी पेठ होती. त्या गुलाम केलेल्या माणसांना रविवारची सुट्टी मिळे आणि ती या मैदानावर जमत: ढोल वाजवत, नाचत, विकायला आणलेलं विकत. १८१७ च्या हुकुमाने अशा जमण्याला हीच एक जागा ठेवली. अमेरिकेत इतरत्र गुलामांच्या ढोलांवर बंदी असताना आफ्रिकी ताल इथे उघड्यावर जिवंत राहिला. पुढे याच शहरात जॅझ जन्माला आलं, आणि १९०१ मध्ये लुई आर्मस्ट्रॉंगही.

दुपारचं जेवण ट्रेमे वस्तीतल्या डूकी चेज उपाहारगृहात. १९४१ चं हे घरगुती खाणावळीसारखं दुकान लिआ चेज (१९२३–२०१९) यांनी नावारूपाला आणलं. काळ्या-गोऱ्यांनी एका टेबलाशी बसणं बेकायदा होतं, त्या काळात याच्या माडीवर दोघांच्या एकत्र बैठका होत. नागरी हक्कांची पुढची पावलं तिथे जेवता जेवता ठरली. मागवायचं ते गम्बो.

गम्बोबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण हा रस्सा म्हणजे या शहराचा इतिहास आहे, वाटीत वाढलेला. सुरुवात ‘रू’पासून होते. मैदा आणि तेल जवळजवळ सारखं घेऊन मंद आचेवर भाजत राहायचं. लाडवासाठी बेसन भाजताना जसं कढईपासून हलता येत नाही, तसंच; क्षणभर लक्ष गेलं की करपतं आणि सगळं टाकून द्यावं लागतं. पांढरा, बदामी, तांबूस आणि शेवटी चॉकलेटी असा रंग चढायला पाऊण तास सहज जातो. गंमत अशी, की रू जितका गडद भाजावा तितकी चव वाढते, पण रस्सा दाट करण्याची त्याची ताकद कमी होते, कारण भाजताना पिठातला स्टार्च मोडतो. मग दाटपणासाठी दुसरं काही लागतं, आणि तिथे येते आपली भेंडी.

भेंडीला तार सुटू नये म्हणून आपण आमसूल टाकतो, लिंबू पिळतो. तिथे ती तारच हवी असते. रश्शाला अंग तीच देते. भेंडी अमेरिकेत पोचली ती गुलामांच्या व्यापारासोबत. ‘गम्बो’ हा शब्दही आफ्रिकी बांटू भाषांतल्या भेंडीच्या नावावरून आला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. भेंडी नसेल तेव्हा ‘फिले’ घालतात: सॅसाफ्रास झाडाच्या वाळलेल्या पानांची पूड, मूळच्या चॉक्टॉ लोकांकडून शिकलेली. ती भांडं उतरवल्यावरच घालायची. उकळली तर चिकट धागे होतात. रू फ्रेंचांचा, भेंडी आफ्रिकेची, फिले चॉक्टॉंची. त्यात कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची, कोळंबी, खेकडा, सॉसेज, आणि खाली मऊ भात. संग्रहालयात हा इतिहास पाटीवर वाचता येतो, पण खरा समजतो तो पहिल्या घासाला.

जेवणानंतर ट्राम. सेंट चार्ल्स मार्गावरची ट्राम १८३५ पासून आहे. रस्त्यावरून अखंड चालत आलेली ही जगातली सर्वांत जुनी ट्रामसेवा. आधी वाफेवर, मग खेचरांनी, १८९३ पासून विजेवर. सध्याचे हिरवे डबे १९२३-२४ मधले: लाकडी बाकं, पितळी मुठी, उघडणाऱ्या खिडक्या. शेवटच्या थांब्यावर डबा वळत नाही. बाकाची पाठ खट्कन पलीकडे लोटली की मागे तोंड केलेलं बाक पुढे तोंड करतं. रुळांवर गवत उगवलेलं, दोन्ही बाजूंना ओक वृक्षांच्या कमानी, आणि फांद्यांत अडकलेल्या मार्डी ग्रा उत्सवातल्या रंगीत मण्यांच्या माळा. याच शहरातल्या ट्रामगाड्यांत १९५८ पर्यंत काळ्या प्रवाशांना मागे बसावं लागे, हेही बाकावर बसताना आठवावं. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. बरोबर दोन महिन्यांनी, ३१ मे १९६४ ला, न्यू ऑर्लिन्सने कॅनल स्ट्रीटवरची ट्राम बंद केली. त्यांनी ती २००४ मध्ये परत आणली.

ट्रामशी जोडलेला एक खाद्यपदार्थही आहे. १९२९ मध्ये ट्राम कामगारांचा मोठा संप झाला. पूर्वी स्वतः कंडक्टर असलेल्या बेनी आणि क्लोव्हिस मार्टिन या भावांनी आपल्या दुकानातून संपकऱ्यांना फुकट सॅंडविच दिले. संपकरी दिसला की ‘आला बिचारा’ या अर्थाने ‘पुअर बॉय’ म्हणत, आणि त्याचंच ‘पो-बॉय’ झालं, अशी कथा आहे. निमुळत्या फ्रेंच पावाची टोकं वाया जात, म्हणून भावांनी एका बेकरीवाल्याकडून सरळ, सारख्या रुंदीचा लांब पाव करवून घेतला. आजही पो-बॉय त्याच घडणीच्या पावात मिळतो. तळलेली कोळंबी किंवा कालवं घातलेला मागवावा.

संध्याकाळी परतताना रस्त्याकडेची गटारं आणि कालवे नीट पाहा. उंच काठ आणि उत्तरेचं पॉंचरट्रेन तळं यांच्यामध्ये शहर वाडग्यासारखं बसलं आहे. पडलेला पाऊस आपसूक बाहेर जात नाही. तो उचलून टाकावा लागतो. अल्बर्ट बाल्डविन वुड या इथल्याच अभियंत्याने १९१३ च्या सुमारास प्रचंड स्क्रू पंप बनवले. १९१५ मध्ये बसवलेले त्यांतले काही शंभर वर्षांनंतरही कामावर होते. पंपांनी दलदल उपसली, लोक तिथे राहायला गेले. पण पाणी गेलेली कुजकट माती आटते, खचते. १९०० च्या आसपास बहुतेक शहर समुद्रसपाटीच्या वर होतं. आज सुमारे निम्मं खाली आहे. ज्या यंत्राने जमीन मिळवून दिली, त्यानेच ती खाली बसवली.

२९ ऑगस्ट २००५ ला कॅट्रिना वादळात कालव्यांच्या भिंती फुटल्या. शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्यात गेला. वादळाने हजाराहून अधिक माणसं नेली. या भिंती बांधणाऱ्या सैन्याच्या अभियंता दलाने पुढच्या वर्षी आपली चूक मान्य केली. नदीकाठचा जुना उंच पट्टा मात्र बराचसा कोरडा राहिला. कॅनल स्ट्रीटच्या नव्या लाल ट्राम बुडाल्या, उंचावरच्या आगारातल्या जुन्या हिरव्या वाचल्या, आणि कॅनल स्ट्रीटवरची सेवा सुरू करायला त्याच धावल्या. डूकी चेज पाण्यात होतं. २००७ मध्ये त्याच्या चुली पुन्हा पेटल्या. कॅट्रिनानंतर सुमारे साडेचौदा अब्ज डॉलर खर्चून नवी संरक्षण व्यवस्था उभी राहिली. २०२१ मध्ये नेमक्या त्याच तारखेला आयडा वादळ आलं, तेव्हा ती टिकली.

रात्री जॅझ ऐकायला सेंट पीटर स्ट्रीटवरचा प्रिझर्व्हेशन हॉल, १९६१ पासूनचा. पापुद्रे सुटलेल्या भिंतींची छोटी खोली, काही बाकं, बाकीचे उभे. मायक्रोफोन नाही, वाद्यं हाताच्या अंतरावर.

जायचं तर फेब्रुवारी ते एप्रिल बरं. वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो. सेंट लुईस दफनभूमीत परवानाधारक वाटाड्याशिवाय प्रवेश नाही, तेव्हा आधी नाव नोंदवा. सोमवार असेल तर राजम्यासारख्या लाल घेवड्याचा भात मागवा: सोमवार हा धुण्याचा दिवस, आणि रविवारच्या मांसाचं हाड घालून घेवडा दिवसभर मंद आचेवर ठेवला की बायकांना कपडे धुवायला मोकळीक मिळे. शाकाहारी असाल तर प्रत्येक पदार्थाबद्दल विचारून घ्या. ‘गम्बो झेर्ब’ हे नाव पालेभाज्यांचं आहे, पण त्यातही बहुधा मांस असतं.