साडेचौदा गुंठ्यांची छत्री

पुण्याजवळच्या चिखलीत जागेचा भाव गुंठ्यावर ठरतो, म्हणून मोजायला गुंठ्यापासूनच सुरुवात करू. गगनयान या भारताच्या मानवी अंतराळ मोहिमेतल्या मुख्य पॅराशूटचा व्यास २५ मीटर. एवढं वर्तुळ मोकळ्या रानात आखलं तर पाच गुंठ्यांहून थोडं कमी व्यापेल. अशी पॅराशूट तीन, म्हणजे साडेचौदा गुंठे. त्यांच्या आधाराने पाच टनांच्या आसपास वजनाची कुपी माणसांसह समुद्रावर उतरायची आहे.

पण रॉकेटच बिघडलं तर? त्यासाठी कुपीच्या डोक्यावर वेगळी सुटका यंत्रणा असते. घन इंधनाच्या जलद पेटणाऱ्या मोटारी कुपीला रॉकेटपासून उपसून दूर नेतात. ५ जुलै २०१८ रोजी श्रीहरिकोटा इथे तिची पहिली चाचणी झाली, थेट उड्डाणतळावरून. १२.६ टनांचा तो भार पावणेतीन किलोमीटर उंच गेला. कळसूबाई १,६४६ मीटर. तिच्या माथ्यावर आणखी हजार मीटर. सगळा खेळ २५९ सेकंदांचा, आणि त्याची नोंद घ्यायला सुमारे ३०० सेन्सर.

पुढची परीक्षा चालू उड्डाणात, २१ ऑक्टोबर २०२३ रोजी. उड्डाणाला पाच सेकंद उरले असताना संगणकाने मोजणी थांबवली. दोष शोधून दुरुस्त केला आणि सकाळी दहाला यान उडालं. खाली विकास इंजिन होतं. या जातीची इंजिनं मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यातही बनतात. एव्हरेस्टच्याही वर, सुमारे पावणेबारा किलोमीटरवर, वेग ध्वनीच्या १.२ पट असताना सुटकेचा हुकूम सुटला. त्या वेगाने यान सेकंदाला साडेतीनशे मीटर कापत होतं. कुपी १७ किलोमीटरपर्यंत चढून मोकळी झाली. चिखलीपासून शनिवारवाड्यापर्यंत सरळ रेघ मारा आणि ती उभी करा, साधारण तेवढी उंची. मग पॅराशूट उघडली आणि किनाऱ्यापासून दहा किलोमीटरवर, म्हणजे चिखली ते आळंदीएवढ्या अंतरावर, कुपी पाण्यात उतरली.

हे सगळं कशासाठी, ते १९८३ सांगतं. २६ सप्टेंबरला सोव्हिएत संघात बायकोनूरला सोयुझ रॉकेट तळावरच पेटलं. स्फोटाच्या जेमतेम दोन सेकंद आधी सुटका मोटार पेटली. आत बसलेल्या तितोव्ह आणि स्त्रेकालोव्ह या अंतराळवीरांच्या अंगावर गुरुत्वाच्या १४ ते १७ पट भार आला. ६५ किलोचा माणूस १५ पटीला जवळजवळ एक टनाचा होतो. दोघेही जगले.

आपल्याकडच्या कारखान्यांत रिजेक्शन पीपीएममध्ये मोजतात, दहा लाख नगांमागे किती परत आले ते. तो हिशेब लाखोंच्या लॉटवर चालतो. इथे नग एक आणि गरजही एकदाच, म्हणून बिघाड आधीच मुद्दाम घडवून पाहावा लागतो. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी झाशीजवळ बबिना इथे विमानातून पाच टनांचं वजन अडीच किलोमीटरवरून सोडलं, तेव्हा तीनपैकी एक मुख्य पॅराशूट उघडलंच नाही असं धरून चाचणी झाली. उरलेल्या दोन पॅराशूटनी भार पेलला. पाच गुंठे वजा झाले तरी माणूस वाचला पाहिजे, हा तिथला हिशेब.

आणि उड्डाण नीट झालं तर ही सुटका यंत्रणा वाटेतच न वापरता टाकून दिली जाते. प्रत्येक वेळी ती तशीच वाया जावो.