मागच्या काचेला बटण लावताना

हाताने फिरवायचे हँडल काढून गाडीच्या मागच्या खिडक्या विजेवर चालवण्याची हौस आता पिकअपपर्यंत पोचली आहे. काम फार अवघड नाही. पण मोटार कुठली बसवली यापेक्षा बटण कुठे आणि कसे बसवले, हे जास्त महत्त्वाचे आहे.

लखनौहून सीतापूरच्या रस्त्याला लागले की शहराच्या उत्तरेला बख्शी का तालाब लागते. नबाबी काळातल्या एका तलावावरून पडलेले हे नाव. इथे हवाई दलाचे केंद्र आहे, आणि आजूबाजूला आंब्याच्या बागा. जून महिन्यात दशहरीचा हंगाम भरात आला की पेट्या भरलेल्या पिकअप गाड्या मंडईकडे धावू लागतात. यातल्या काही गाड्या दुहेरी केबिनच्या असतात. पुढे चालक, मागच्या बाकावर घरची मंडळी आणि त्यामागच्या हौद्यात माल. एरवी शेतीला आणि धंद्याला जुंपलेली हीच गाडी रविवारी चंद्रिका देवीच्या दर्शनाला किंवा लखनौच्या बाजारात कुटुंबाला घेऊन जाते.

उत्तरेतल्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि 'लू' म्हणतात तो तापलेला वारा सुटतो. समोरून ट्रक धुरळा उडवत आला की पुढच्या माणसाने ओरडायचे, "काच वर घे!" मागे आजीबाईंचा हात हँडलपर्यंत पोचत नाही आणि नातवंडांचे खेळ चाललेले असतात. तोवर धूळ सगळ्यांच्या नाकातोंडात गेलेली असते. अशा वेळी वाटते, पुढे बसूनच एक बटण दाबले आणि मागची काच वर आली तर किती बरे होईल!

विजेवर चालणारी काच ही काही आजची गोष्ट नाही. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४१च्या आपल्या उंची मोटारींत दाबाखालच्या तेलावर चालणाऱ्या काचा दिल्या होत्या. विजेच्या छोट्या मोटारी त्यानंतर आल्या. आपल्याकडे ही चैन सर्वसामान्यांना दिसायला १९९१ साल उजाडावे लागले. पुण्याच्या टेल्कोने १९८८ मध्ये 'टाटामोबाइल' हा पिकअप काढला होता. त्याच्याच सांगाड्यावर १९९१ साली 'सिएरा' आली आणि तिच्या पुढच्या दारांना बटणाच्या काचा होत्या. गंमत अशी की मागे बसणाऱ्यांना बटणही नव्हते आणि हँडलही नव्हते. सिएराची मागची मोठी वळणदार काच उघडतच नसे! पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, टेल्कोचा कारखाना लखनौतही सुरू झाला. पुढच्यांची सोय आधी आणि मागच्यांची नंतर, हा क्रम मात्र बरीच वर्षे टिकला. स्वस्तातल्या कित्येक मॉडेलांत पुढे बटण आणि मागे हँडल असेच असे. कामाच्या पिकअपमध्ये तर चारही दारांना हँडलच.

'मागची काच' म्हणताना थोडी गल्लत होऊ शकते. पिकअपला आणखी एक मागची काच असते, केबिनच्या पाठीमागची, हौद्याकडे तोंड करून असलेली. आपल्याकडे ती बहुधा पक्की बसवलेली असते आणि मालाचा धक्का लागू नये म्हणून तिच्यावर जाळी असते. परदेशात ती सरकणारी मिळते, काही गाड्यांत मोटारीवर चालणारीही. पिकअपवरून बेतलेल्या टोयोटाच्या '४रनर' गाडीत तर अगदी मागच्या फाळक्यातली काच बटणाने खाली जाते. पण ही पाठीमागची काच उघडी ठेवून गाडी चालवू नये, असे बजावले जाते. धावत्या गाडीच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि एग्झॉस्टचा धूर आत ओढला जातो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. म्हणून ती काच उघडी करून घेण्याच्या भानगडीत न पडलेलेच बरे. इथे विचार करायचा आहे तो मागच्या दारांच्या काचांचा.

दाराच्या पोटात काय असते?

हँडल फिरवले की दाराच्या आतली दातेरी चकती फिरते, तिला जोडलेले लोखंडी हात कात्रीसारखे उघडतात आणि काच वर सरकते. मेकॅनिक याला 'काचेची मशीन' म्हणतात. लखनौच्या गॅरेजमध्ये 'शीशे की मशीन' म्हटले की काम भागते. बटणाच्या काचेतही हीच मशीन असते किंवा तिच्याऐवजी तारेवर चालणारी मशीन असते. फरक इतकाच की हाताच्या जागी एक छोटी मोटार येते. तिच्या टोकाला मळसूत्री गिअर असतो. या गिअरचा गुण असा की मोटार त्याला फिरवू शकते, पण काच दाबून त्याला उलटे फिरवता येत नाही. त्यामुळे बाहेरून कोणी काच खाली ढकलू म्हटले तर ती सहजी हलत नाही.

बाजारात बदलाचे किट दोन प्रकारचे मिळते. एकात जुनी मशीन तशीच ठेवून हँडलच्या दांड्यावर मोटारीची जोडणी बसवतात. हे स्वस्त असते आणि कुठल्याही गाडीला 'बसते' असे सांगितले जाते. दुसऱ्यात संपूर्ण मशीनच मोटारीसकट बदलतात. त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीनेच बटणाच्या काचा दिल्या असतील, तर तिची मशीन बहुधा त्याच भोकांवर बसते. थोडे जास्त पैसे गेले तरी हा दुसरा मार्ग धरावा. मागच्या दाराचा आकार चाकाच्या कमानीमुळे खाली निमुळता होतो, म्हणून अनेक गाड्यांत तिथली काच पूर्ण खाली जातच नाही. कुठल्याही गाडीला बसणाऱ्या किटला हे ठाऊक नसते. मोटार काच खाली रेटत राहते, खालच्या टेकूवर आदळते आणि काही महिन्यांत किरकिरू लागते.

काम कसे चालते ते एकदा उभे राहून पाहावे. हँडलच्या मागे घोड्याच्या नालेच्या आकाराची बारीक क्लिप असते. जाणता मिस्तरी हत्यार न लावता एक फडके हँडलच्या मागून घालून दोन्ही टोकांनी झटके देतो आणि क्लिप टुणकन उडते. मग दाराचे पॅड निघते. त्यामागे पत्र्यावर चिकटवलेला प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो. घाईच्या गॅरेजमध्ये तो फाडून टाकतात आणि 'त्याचे काही काम नाही' असे सांगतात. त्याचे काम असते. पावसाचे पाणी काचेवरून दाराच्या पोटात उतरते आणि खालच्या भोकांतून निघून जाते. पडदा नसेल तर ते पॅडमध्ये मुरते आणि आता त्या पॅडमागे विजेच्या तारा असणार! म्हणून पडदा परत नीट चिकटवून घ्यावा आणि दाराच्या तळाची भोके चिखलाने बुजलेली नाहीत ना, तेही पाहावे.

खरे कौशल्य तारांचे आहे. मागच्या दाराच्या तारा मधल्या खांबातून जातात. दार दिवसातून पन्नासदा उघडते-मिटते आणि प्रत्येक वेळी त्या तारा वाकतात. तिथे रबरी नळी हवीच, नाहीतर पत्र्याच्या धारेवर तारेचे आवरण घासून शॉर्टसर्किट व्हायला वेळ लागत नाही. याच खांबात पुढच्या सीटबेल्टची गुंडाळी असते, तिला तारांचा अडथळा होता कामा नये. मोटार चालताना साधारण पाच ते दहा अँपिअर वीज ओढते, अडकली तर त्याच्या दुपटीहून अधिक. म्हणजे रेडिओच्या किंवा सिगारेट लायटरच्या तारेला जोड मारून हे काम भागवणे धोक्याचे. बॅटरीकडून वेगळी जाड तार आणि तिच्यावर स्वतंत्र फ्यूज हवा. किल्ली काढल्यावर वीज बंद व्हावी म्हणून रिले हवा. नव्या गाडीत कंपनीची वायरिंग कापली तर वॉरंटीवर परिणाम होऊ शकतो. हे आधी डीलरला विचारून घ्यावे, शक्यतो लेखी.

मुलाचा गुडघा आणि बटण

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. हँडलची काच मुलाने स्वतःच्या हाताने वर घेतली आणि बोट अडकले, तर दुखताक्षणी त्याचा हात थांबतो. मोटारीला दुखत नाही. ती जड काच घट्ट रबरातून वर ढकलायच्या ताकदीची असते आणि मध्ये बोट आहे की मान, हे तिला कळत नाही. अनेक नव्या गाड्यांत अडथळा येताच काच उलटी फिरण्याची सोय असते. बाजारातल्या साध्या किटमध्ये बहुधा ती नसते.

अमेरिकेत १९७१ पासून यासाठी नियम आहे. इग्निशनची किल्ली काढल्यावर सहसा बटणाने काच बंद होता कामा नये, हा त्याचा गाभा. तरीही मुलांचे जीव जात राहिले आणि तपासात दोष बटणांच्या घडणीत सापडला. मूल खिडकीतून डोके बाहेर काढण्यासाठी दाराच्या हातटेकूवर गुडघा टेकवते, गुडघ्याखाली नेमके बटण येते आणि काच मानेवर येते. म्हणून २००४ साली तिथे नवा नियम झाला. गुडघा किंवा कोपर पडल्याने काच वर येणार नाही असेच बटण हवे. त्यामुळे बोट खाली घालून वर ओढावे लागणारे बटण रूढ झाले. ओढले तर काच वर, दाबले तर खाली. वजन पडले तर काच उघडेल, मिटणार नाही.

आपल्याकडच्या स्वस्त किटमध्ये मात्र अजूनही दोन्ही बाजूंनी दाबायचे डुलते बटण मिळते आणि मिस्तरी ते हातटेकूवर आडवे बसवून मोकळा होतो, कारण तिथे भोक पाडणे सोपे जाते. मागच्या दाराला असे बटण बसवू देऊ नये. ओढायचे बटण मिळत नसेल तर मागच्या दाराला बटणच नको. दोन्ही मागच्या काचांची बटणे फक्त चालकाकडे ठेवावीत. मागेही बटण हवेच असेल, तर त्याची वीज चालकाकडच्या कुलूप-बटणातून न्यावी. मोटारीला दोनच तारा असतात आणि त्यांच्यातली धन-ऋण बाजू बदलली की ती उलट फिरते. म्हणून मागच्या बटणाची वीज पुढून तोडता येते, त्यात तांत्रिक अडचण काही नाही. 'ते जमत नाही' असे म्हणणाऱ्या वायरमनकडे काम न दिलेले बरे. चालकानेही बटण दाबण्यापूर्वी मागे वळून पाहण्याची सवय लावून घ्यायला हवी. मागे न पाहता काच वर घेता येते, हेच तर या सोयीचे दुखणे!

दुसरी गोष्ट मुंबईकरांना सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. रस्त्यांच्या नद्या झाल्या आणि काही जण आपल्याच गाडीत अडकून गुदमरून गेले. पाण्याचा दाब असल्याने दारे उघडेनात आणि वीज गेल्याने काचा उतरेनात. त्यानंतर अनेकांनी गाडीत हातोडी ठेवायला सुरुवात केली. पुढची मोठी काच दोन काचांमध्ये पडदा घालून केलेली असते, ती फोडून बाहेर पडता येत नाही. बाजूची काच मात्र सहसा कोपऱ्यात टोकदार घाव बसला की भुगा होते. गाडी पाण्यात सापडली तर फोनाफोनी करत बसू नये, वीज आहे तोवर पहिल्या मिनिटातच काच उतरवावी.

या दृष्टीने पाहिले तर पिकअपमध्ये फक्त मागच्या दोन काचा विजेवर करून पुढच्या हँडलवरच ठेवणे हा शहाणपणाचा सौदा आहे. मागे धूळ शिरत असताना चालकाला काच वर घेता येते, मुले परस्पर काचेशी खेळू शकत नाहीत आणि सगळी वीज गेली तरी हाताने उघडणाऱ्या दोन खिडक्या शिल्लक राहतात. 'बदलायच्याच तर चारही बदला' हा दुकानदाराचा आग्रह त्याच्या फायद्याचा असतो.

देखभाल फारशी नाही. काच ज्या रबरी पट्टीतून सरकते तिच्यात धूळ बसली की मोटारीवर ताण येतो. काच हळू चढू लागली की मोटार बदलण्याआधी पट्टी ओल्या फडक्याने पुसून तिच्यावर सिलिकॉनचा फवारा मारून पाहावा. ग्रीस किंवा तेल लावू नये, त्याला धूळ आणखी चिकटते. उत्तरेतल्या डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात रबर कडक होते आणि काच कुरकुरते, तेव्हाही हाच उपाय. काचांवर काळी फिल्म असेल तर याच वेळी काढून टाकावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच तिला मनाई केली आहे.

गाडी ताब्यात घेताना मिस्तरीसमोर एक परीक्षा जरूर करावी. लखनौच्या उन्हाळ्यात हातगाडीवर बारीक लांब ककड्या मिळतात, आपल्याकडची काकडीही चालेल. ती अर्धवट मिटलेल्या काचेच्या वर आडवी धरावी, हात दूर ठेवावा आणि चालकाला बटण ओढायला सांगावे. काच थांबून खाली आली तर किट चांगले. ककडीचे दोन तुकडे झाले तर ते घरातल्या मुलांना दाखवावेत आणि कुलूप-बटण त्याच दिवसापासून बंद ठेवावे.