राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, खडकवासला : इतिहास आणि भूमिका

प्रस्तावना :
भूदल, नौदल व हवाई दल या तिन्ही सेनादलांचे भावी अधिकारी एकत्रित घडविणारी जगातील पहिली संस्था म्हणून पुण्याजवळील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी ओळखली जाते. या संस्थेची जडणघडण आणि संयुक्त प्रशिक्षणामागील तत्त्व यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या मुक्ततेसाठी भारतीय सैनिकांनी केलेल्या बलिदानाच्या स्मरणार्थ तेथील शासनाने १९४१ मध्ये एक लाख पौंडांची देणगी दिली. स्मारक म्हणून केवळ स्तंभ न उभारता लष्करी शिक्षणसंस्था स्थापन करावी, असा विचार पुढे आला. ऑकिनलेक समितीने डिसेंबर १९४६ मध्ये तिन्ही दलांसाठी संयुक्त प्रबोधिनीची शिफारस केली. फाळणीनंतर देणगीपैकी ७० हजार पौंड भारताच्या वाट्यास आले. प्रबोधिनीच्या मुख्य इमारतीस दिलेले ‘सुदान ब्लॉक’ हे नाव या ऋणाचे द्योतक आहे.

खडकवासल्याच्या जलाशयाकाठी युद्धकाळात जलमार्गे सैन्य उतरविण्याचा सराव होत असे. जलाशय, डोंगराळ परिसर आणि लोहगावच्या विमानतळाचे सान्निध्य यांमुळे हे स्थळ तिन्ही दलांस सोयीचे ठरले. मुंबई राज्याने त्यासाठी जमीन दिली. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली. तत्पूर्वीच, जानेवारी १९४९ पासून, देहरादून येथे संयुक्त प्रशिक्षणास प्रारंभ झाला होता. खडकवासल्यातील वास्तूंचे औपचारिक उद्घाटन १६ जानेवारी १९५५ रोजी झाले.

प्रशिक्षणाचे स्वरूप :
केंद्रीय लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा व त्यानंतरची मुलाखत यांद्वारे छात्रांची निवड होते. तीन वर्षांच्या काळात तिन्ही दलांचे छात्र एकाच स्क्वॉड्रनमध्ये राहतात. शारीरिक व लष्करी प्रशिक्षणाबरोबरच जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या पदवीचे शिक्षणही त्यांना मिळते. त्यानंतर ते अनुक्रमे देहरादून, एळीमला व दुंडीगल येथे आपापल्या दलाच्या प्रशिक्षणासाठी जातात. वाटा विभक्त होण्यापूर्वी परस्परविश्वास निर्माण व्हावा, हे या रचनेमागील सूत्र होय.

मर्यादा व परिवर्तन :
तथापि, तारुण्याच्या उंबरठ्यावर जुळलेला स्नेह पुरेसा नसतो. पुढील सेवाकाळात प्रत्येक दलाची स्वतंत्र कार्यपद्धती अधिकाऱ्यास आपल्याकडे ओढते. तिन्ही दलांत समन्वय साधणारे संरक्षण दल प्रमुखाचे पद १ जानेवारी २०२० रोजी, म्हणजे उद्घाटनानंतर तब्बल ६५ वर्षांनी, अस्तित्वात आले. सर्वसमावेशकताही विलंबानेच आली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील अंतरिम आदेशानंतर मुलींसाठी प्रवेश खुला झाला व २०२२ मध्ये त्यांची पहिली तुकडी दाखल झाली. तिच्यातील १७ छात्रा ३० मे २०२५ रोजी दीक्षान्त संचलनात उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या.

समारोप :
एकत्र शिक्षणातून ऐक्याचा पाया घातला जातो. मात्र त्यावर इमारत उभारण्यासाठी उच्चस्तरीय संघटनेतही तेच तत्त्व रुजावे लागते. खडकवासल्याचा इतिहास लष्करी संस्थांप्रमाणेच सर्वच शिक्षणसंस्थांना या वास्तवाची जाणीव करून देतो.