बागेंतील ढालकिडा

पुण्यांत पौष-माघाच्या सुमारास वालाच्या कोवळ्या शेंड्यांवर, करडईवर किंवा टेकडीवरील रुईच्या पानांखालीं मावा दाटला, कीं तेथें एक इवलासा तांबडा-नारिंगी किडा हमखास दिसूं लागतो. त्याची पाठ ढालीसारखी फुगीर असून तिच्यावर काळे ठिपके किंवा नागमोडी पट्टे असतात. यालाच आपल्याकडे ढालकिडा म्हणतात. या जीवाविषयीं मला बालपणापासून लोभ आहे, व वय वाढलें तरी तो ओसरलेला नाहीं. आरंभीं केवळ रंगाचें कौतुक होतें. पुढें त्याचा आहार समजला, तेव्हां कौतुकांत आदराची भर पडली.

इंग्रजींत यास लेडीबर्ड म्हणतात. यांतील ‘लेडी’ म्हणजे येशूची माता मरिया. जुन्या चित्रांतील तिच्या तांबड्या झग्यावरून हें नांव पडलें, असें सांगतात.

मादी माव्याच्या वस्तीजवळच पानाच्या पाठीवर पिवळीं, लांबट अंडीं उभीं रचून घालते. तीन-चार दिवसांत त्यांतून अळ्या निघतात. ही अळी म्हणजे सौंदर्याच्या नांवानें शून्य! काळसर, खरबरीत, एखाद्या चिमुकल्या सुसरीसारखी. लाल किड्याला प्रेमानें तळहातावर घेणारे लोकच ही अळी दिसतांच तिला चिरडतात, किंवा झाडाला कीड लागली म्हणून विषारी औषध फवारतात. वस्तुतः बागेचें खरें काम तीच करीत असते. कोश होईपर्यंत ती माव्याचे शेकडो किडे फस्त करते. तिला मारणें म्हणजे आपल्याच राखणदाराला हांकलून देणें होय.

या कुळांतील सगळेच मात्र सज्जन नव्हेत. वांग्याच्या व बटाट्याच्या पानांवर अठ्ठावीस ठिपक्यांचा, मळकट रंगाचा एक भाऊबंद बसतो. तो पानांतील हिरवा भाग खरवडून नुसती जाळी शिल्लक ठेवतो. उलट एक पिवळाधमक भाऊ भोपळ्यासारख्या वेलींच्या पानांवरील भुरी खाऊन राहतो. तेव्हां पारख करूनच शिक्षा करावी.

या किड्यांनीं देशोदेशींच्या बागा वांचविल्या आहेत. अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत संत्र्या-लिंबांच्या बागा एका खवलेकिडीनें मरणपंथास लागल्या होत्या. ती कीड मूळची ऑस्ट्रेलियांतील. म्हणून तिचा वैरीही तेथेंच असणार, या तर्कानें १८८८ सालीं आल्बर्ट कोबेले याला तिकडे धाडण्यांत आलें. त्यानें पाठविलेल्या लहानशा तांबड्या ढालकिड्यानें थोड्याच काळांत ती कीड आटोक्यांत आणली. पुढें १८९८ सालीं ऑस्ट्रेलियांतीलच दुसरी एक जात, क्रिप्टोलीमस, दक्षिण हिंदुस्थानांतील कॉफीच्या मळ्यांसाठीं आणली गेली. हाच किडा आतां महाराष्ट्रांत द्राक्षें व सीताफळें यांवरील पिठ्या ढेकणाविरुद्ध सोडतात. लाल भोपळ्यांवर आधीं पिठ्या ढेकूण वाढवावयाचा आणि त्यावर हे किडे पोसावयाचे, अशी त्यांच्या पैदाशीची मोठी मौजेची रीत आहे. यांची अळी पांढऱ्या मेणचट तंतूंनीं झांकलेली असते व हुबेहूब आपल्या भक्ष्यासारखीच दिसते. त्यामुळें तिचा जीव तर अधिकच धोक्यांत!

ज्यांच्या घरीं परसबाग किंवा चार कुंड्या आहेत, त्या विद्यार्थ्यांनीं मावा दिसतांच औषधाच्या पंपाकडे धांव घेऊं नये. प्रथम पान उलटून पाहावें. पिवळीं अंडीं किंवा काळ्या अळ्या दिसल्या, तर चार-आठ दिवस वाट पाहावी. कारण ढालकिडा माव्याच्या मागून येतो, आधीं नव्हे. फारच दाटी असेल तर ढालकिडे नसलेले शेंडे पाण्याच्या धारेनें धुवावे. थोडी कोथिंबीर व बडीशेप फुलावर येऊं द्यावी, कारण मोठे किडे परागही खातात. आणि मुंग्यांवर नजर ठेवावी. माव्याच्या गोड चिकट्यासाठीं त्या गवळ्यांप्रमाणें त्याची राखण करतात व ढालकिड्यांना पिटाळून लावतात. खोडाभोवतीं चिकट पट्टी गुंडाळली, म्हणजे त्यांची वाट बंद होते.