उंबरठ्यावर अडलेलं पाऊल

पार्किन्सन्स म्हणजे कंपवात. लोकांना दिसते ती थरथर. घरच्यांची खरी दमछाक होते पाय दारात खिळतात तेव्हा. उंबरठ्याशी माणूस थबकतो आणि मागून आपण "चला ना!" करत राहतो. ओढू नका. जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारा. रेघ ओलांडायची म्हटलं की पाऊल बऱ्याचदा उचलतं. (घराचं लंगडीचं अंगण होतं. होऊ दे!)

दुसरं, गोळी. या आजारावरचं औषध लेव्होडोपा आणि जेवणातली प्रथिनं आतड्यात एकाच वाटेने शोषली जातात, म्हणून दूध-पनीरसोबत घेतलेली गोळी अनेकांना कमी लागू पडते. नेमकी वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आणि हो, खाजकुइलीच्या बियांतही लेव्होडोपा असतं. त्यांचं चूर्ण परस्पर सुरू करू नका.