सहा आठवडे, एकच भाषा

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, ग्रीन माउंटन्सची डोंगररांग आणि शँप्लेन सरोवर यांच्यामधल्या खोऱ्यात मिडलबरी नावाचं छोटं गाव आहे. तिथलं कॉलेज १८०० सालचं. व्हासर कॉलेजात जर्मन शिकवणाऱ्या प्राध्यापक लिलियन स्ट्रोबे यांनी १९१५च्या उन्हाळ्यात या कॉलेजात जर्मनची निवासी शाळा भरवली. पुढच्या वर्षी फ्रेंच आली, त्यापुढच्या वर्षी स्पॅनिश. बाहेरच्या भाषेचा अडथळा नको असलेल्या अशा शाळेसाठी गाव आडबाजूला असणं हाच त्याचा मोठा गुण ठरला.

शाळेचा मुख्य रोख होता भाषाशिक्षकांवर. त्या काळी परकी भाषा म्हणजे व्याकरण आणि भाषांतर. शिक्षकाला जर्मन कविता वाचता येई, पण जर्मन माणसाशी जेवता जेवता गप्पा मारायची वेळ आली की जीभ अडखळे. अशा शिक्षकाच्या हाताखालची मुलं भाषा बोलणार कशी? आधी शिक्षकाची जीभ मोकळी करायची, हा त्यामागचा विचार मला आजही अतिशय मोलाचा वाटतो.

मग अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. जर्मन ही शत्रूची भाषा ठरली. १९१८ साली आयोवाच्या गव्हर्नरने सार्वजनिक जागी, रेल्वेत, अगदी टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलायला मनाई केली. मिडलबरीची जर्मन शाळा बंद पडली, ती १९३१ मध्ये जवळच्या ब्रिस्टल गावात पुन्हा उभी राहिली.

या शाळांचा कणा म्हणजे भाषेची प्रतिज्ञा. पहिल्याच दिवसांत विद्यार्थी लेखी वचन देतो, की सत्र संपेपर्यंत शिकायला घेतलेली भाषा सोडून दुसरी बोलणार नाही. मोडणाऱ्याला घरी पाठवता येतं. वर्गातले तास त्यामानाने थोडे. खरं शिक्षण जेवणाच्या टेबलावर, नाटकाच्या तालमीत, फुटबॉलच्या मैदानावर होतं. शिक्षकही तिथंच राहतात, तिथंच जेवतात. मीठ मागायचं, राग व्यक्त करायचा, दुखणं सांगायचं, सगळं त्याच भाषेत. पळवाट नसल्यामुळे माणूस अडखळत का होईना, बोलत राहतो. आजूबाजूचे सगळेच त्याच वचनाने बांधलेले असतात, म्हणून संकोचही गळतो. एकट्याने घरी बसून असा नेम पाळता येत नाही.

पदव्युत्तर अभ्यासक्रमाची रचनाही शिक्षकाचं वेळापत्रक पाहूनच केलेली. सहा आठवड्यांचं एक सत्र, असे साधारण चार उन्हाळे केले की एम.ए. हाती येते. नोकरी सोडायला नको. तिथं नुसती व्याकरणाची उजळणी नसते. साहित्य, इतिहास, भाषाशास्त्र, अध्यापनपद्धती हे विषय त्याच भाषेतून शिकायचे, निबंधही त्याच भाषेत लिहायचे. स्पेनमधल्या यादवी युद्धामुळे देशोधडीला लागलेले पेद्रो सालिनास, होर्हे गियेन यांच्यासारखे कवी इथल्या स्पॅनिश शाळेत शिकवत. कवी लोर्काचे भाऊ फ्रान्सिस्को यांनी ती शाळा काही वर्षं चालवली. एखाद्या गावातल्या शाळेच्या स्पॅनिश बाईंना जुलै महिन्यात असे गुरू लाभावेत, यापरतं भाग्य कुठलं! पुढे रशियन, चिनी, जपानी, अरबी अशा भाषांची भर पडत गेली.

पुण्याचाही या परंपरेशी धागा आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही १९६१ साली स्थापन झालेली संस्था अमेरिकी विद्यार्थ्यांना मराठी शिकवते ती पुण्यात, मराठी माणसांच्या वस्तीत. फलटणच्या मॅक्सीन बर्नसन आणि जाई निंबकर यांनी परक्या विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकं आणि व्याकरण लिहिलं. संशोधकांची सोय झाली, हे उत्तमच.

पण अमेरिकेत रविवारच्या मराठी शाळा चालवणाऱ्यांचं काय? हे शिक्षक म्हणजे बहुधा मुलांचे आईबापच, आठवडाभर नोकरी करून विनामोबदला शिकवणारे. त्यांना घरची मराठी येते. ती परदेशात वाढणाऱ्या मुलाला कशी शिकवायची, याचं पदवीपर्यंत नेणारं शिक्षण त्यांना मिळायला हवं. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं. त्या विद्यापीठाने जून-जुलैत, तिकडच्या सुट्टीत, अशा शिक्षकांसाठी सहा आठवड्यांचं निवासी सत्र सुरू करावं, आणि तीन-चार पावसाळ्यांत एम.ए. पूर्ण होईल अशी सोय करावी, ही माझी आग्रहाची विनंती आहे.